बाजू बदलली की…

"पण मावशी, मी चिन्ह बदललं की!" एवढं म्हणून भाचीने वही माझ्यापुढे सरकवली आणि पेन्सिलीचं मागचं टोक दातांत धरून ती माझ्या तोंडाकडे बघत बसली. गणित साधंच होतं. २क्ष + ७ = ५क्ष + १९, क्षची किंमत काढा. तिने क्षवाली पदं डावीकडे आणली, आकडे उजवीकडे नेले, −३क्ष = १२ इथपर्यंत सगळं चोख. पुढच्या ओळीत मात्र क्ष = १२ ÷ ३, म्हणजे ४. पुस्तकाच्या मागे उत्तर होतं उणे ४. मी सवयीने म्हटलं, "अगं, उणे तीनने भागायचं. इथे चिन्ह तसंच राहतं." त्यावर तिचं हे वाक्य. आणि ते बिनतोड होतं. आदल्याच संध्याकाळी मी तिला सांगितलं होतं, बाजू बदलली की चिन्ह बदलतं. उणे तीन डावीकडून उजवीकडे गेले, म्हणून तिने ते अधिक तीन केले. माझा नियम तिने शब्दशः पाळला होता आणि तरी उत्तर चुकलं होतं.

मी म्हटलं, "गुणाकारात तसं नसतं." तिने विचारलं, "का नसतं?" मी पुस्तकाचं पान उगाच मागे-पुढे केलं. "आधी खालची दहा सोडव, मग सांगते."

ते 'मग' त्या दिवशी आलंच नाही.

तिने दहाही सोडवली. उणे आलं की आता ती ते तसंच ठेवत होती. दहापैकी नऊ बरोबर आली. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बघा, सरावाने जमलं. मला मात्र ती खालमानेने भराभर लिहिताना बघून अस्वस्थ व्हायला लागलं. एका नियमाला अपवाद म्हणून मी दुसरा नियम चिकटवून दिला होता आणि तिने तो निमूटपणे घेतला होता. "का" हा प्रश्न मघाशी टेबलावर होता, तो खोडरबराच्या चुऱ्याबरोबर मीच हाताने झाडून टाकला होता.

आमच्या वर्गात हे वाक्य पाढ्यासारखं म्हटलं जायचं. सर फळ्यावर समीकरण लिहीत आणि बरोबरच्या चिन्हावरून खडूने एक कमान काढत. पाच इथून उठले, उडी मारली, पलीकडे पडले आणि अधिकचे उणे झाले. खडू कमानीच्या शेवटी फळ्यावर टक् करून आपटायचा. मला ते भारी वाटायचं. त्या दोन आडव्या रेघा म्हणजे एक उंबरठा आहे आणि तो ओलांडताना प्रत्येक आकड्याला अंगरखा उलटा करून घालावा लागतो, असं काहीसं माझ्या डोक्यात बसलं होतं. घरी करायला वीस-पंचवीस समीकरणं असत. पहिली चार-पाच विचार करून सुटायची, मग हात आपोआप चालायला लागायचा. पेन्सिल कागदावर खरखरत राहायची, तिच्या टोकाला आलेला लाकडाचा वास, बोटाच्या कडेला चढत जाणारा राखाडी चकचकीत थर, दाबून लिहिल्यामुळे मागच्या पानावर उठलेले आकडे. ते आकडे मी बोटाने चाचपून वाचायची. खोटं कशाला बोलू, त्या यांत्रिकपणात सुख होतं. दिवसभरात दुसरं काहीही मनासारखं घडलेलं नसलं तरी शेवटच्या ओळीत क्ष एकटा उभा राहायचा आणि त्याच्यासमोर एक सुबक पूर्णांक यायचा. अपूर्णांक आला की पोटात गोळा, कारण तो आला म्हणजे आपलं चुकलं, हेही सरावानेच शिकवलेलं.

आणि चुकलेलं ओळखायचा दुसरा उपाय आम्हाला ठाऊक नव्हता असं नाही. त्याला ताळा म्हणतात. आलेली किंमत मूळ समीकरणात घालून बघायची. भाचीचे ४ घातले असते तर डावीकडे १५ आणि उजवीकडे ३९ आले असते, उणे ४ घातले की दोन्हीकडे उणे १. अर्ध्या मिनिटाचं काम. पण ताळ्याला गुण नसत, म्हणून तो कुणी करत नसे. उत्तर बरोबर की चूक हे सांगायचा अधिकार पुस्तकाच्या शेवटच्या पानांकडे किंवा लाल पेनाकडे. समीकरण स्वतःच ते सांगू शकतं ही केवढी मोठी सोय आहे, हे मला खूप उशिरा लक्षात आलं.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. मला उत्तर येत नव्हतं अशातला भाग नाही. येत होतं, पण ते इतक्या वर्षांच्या सरावाखाली दबलं होतं की हाताला लागायला वेळ लागला. मुळात काहीच इकडून तिकडे जात नाही. उजवीकडे ५क्ष आहेत, ते नको आहेत, म्हणून दोन्हीकडून ५क्ष वजा करायचे. उजवीकडचे नाहीसे होतात आणि डावीकडे −५क्ष उमटतात. रोषणाईच्या माळेत उजेड पुढे पळताना दिसतो ना, तसं. पळत कोणीच नसतं, एक दिवा विझतो आणि दुसरा लागतो. आणि −३क्ष मध्ये उणे तीन हे क्षला गुणून बसलेत, त्यांना वजा करून हटवता येत नाही, दोन्हीकडे उणे तीनने भागावं लागतं. नियम एकच: जे करायचं ते दोन्ही बाजूंना सारखं. बाजू बदलण्याचा नियम ही त्याची सावली, आणि आम्ही वर्षानुवर्षं सावलीलाच पाठ केलं.

गंमत म्हणजे हे ज्यांनी पहिल्यांदा लिहून ठेवलं त्यांच्या शब्दांत ही उडी नव्हतीच. नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिझ्मीने समीकरणं सोडवण्यावर ग्रंथ लिहिला आणि त्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल्-जब्र' या शब्दावरून जगभर बीजगणिताला नाव पडलं. जब्र म्हणजे मोडलेलं पुन्हा सांधणं. निखळलेलं हाड बसवण्यालाही तोच शब्द. एका बाजूला काही उणं असेल तर तेवढं दोन्हीकडे मिळवून ती बाजू धडधाकट करायची. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० साली बीजगणित लिहिलं, त्यात दोन्ही बाजूंना 'पक्ष' म्हटलंय आणि न कळलेल्या राशीला 'अव्यक्त'. तिला नावं दिलीत ती यावत्तावत्, आणि एकाहून जास्त असल्या तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची. काळा, निळा, पिवळा! क्ष आणि यपेक्षा किती छान. अव्यक्त हा शब्द तर मला फारच आवडतो. ती राशी हरवलेली नाही, आहेच, फक्त अजून व्यक्त झालेली नाही. दोन्ही पक्ष समान आहेत ना, मग त्यातून सारखंच काढत जायचं, की ती आपोआप उघडी पडते. त्याच्याही आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्तांनी धन आणि ऋण यांचे नियम घालून दिले होते. ऋण म्हणजे सरळ सरळ कर्ज. आणि ज्या बरोबरच्या चिन्हाचा आम्ही उंबरठा केला, ते रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श माणसाने १५५७ साली छापलं. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा त्याने निवडल्या, कारण त्यांच्याइतक्या समान दुसऱ्या कुठल्याच दोन गोष्टी नसतील, असं त्याचं म्हणणं. त्याला 'समान आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा आला होता. कंटाळ्यातून निघालेली इतकी देखणी खूण दुसरी मला तरी माहीत नाही.

हे सगळं आठवताना माझी स्वतःची एक जुनी जखमही वर आली. चाचणीत मी (अ + ब)² = अ² + ब² लिहिलं होतं. पेपर परत आला तेव्हा त्या ओळीभोवती लाल गोल होता आणि बाजूला लिहिलं होतं, '२अब कुठे गेले?' ते वाक्य सरांनी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर्ग हसला. मी सूत्र पन्नास वेळा लिहून काढलं. त्यानंतर २अब पुन्हा कधीही विसरले नाही, पण ते कुठून येतात हे शाळेत असेपर्यंत मला कळलं नव्हतं. सरांनी विचारलेला प्रश्न खरं तर उत्तम होता. कुठे गेले? त्याचं उत्तर काढायला चौकटीचा कागद पुरतो. सात घरं बाजू असलेला चौरस काढायचा आणि बाजू तीन आणि चार अशी तोडायची. एका कोपऱ्यात नऊ घरांचा चौरस येतो, समोरच्या कोपऱ्यात सोळा घरांचा. मिळून पंचवीस. पण सगळी घरं आहेत एकोणपन्नास. उरलेली चोवीस उघडी समोर दिसतात, बारा-बारा घरांचे दोन आयत, दोन्ही चौरसांच्या मधल्या खाचांत बसलेले. ते आहेत २अब. हे मी पहिल्यांदा काढून पाहिलं तेव्हा शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती. आनंद झाला, आणि पाठोपाठ चीड आली. त्या पन्नास ओळींच्या ऐवजी हा एक चौरस मला कुणी का काढायला लावला नाही?

तरीही पन्नास ओळी फुकट गेल्या असं मला म्हणवत नाही. कारण पुढे अवयव पाडताना क्ष² + ६क्ष + ९ समोर आलं की डोळ्यांना (क्ष + ३)² लगेच दिसायचं. दिसायचं, म्हणजे खरोखरच दिसायचं, ओळखीचा चेहरा गर्दीत दिसतो तसं. दर वेळी चौरस काढत बसले असते तर ती नजर आली नसती. म्हणजे समजून घेणाऱ्याला सराव नको आणि सराव करणाऱ्याला समज नको, असली सोपी वाटणी इथे चालत नाही, आणि माझा राग नक्की कुणावर काढायचा हेही मला ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला आपणहून म्हटलं, "काल तू विचारलंस ते बरोबर होतं. मी चुकीचं सांगितलं होतं." ती एकदम खूश झाली, मुख्यतः मी चुकले म्हणून. मग आम्ही ते समीकरण पुन्हा मांडलं. प्रत्येक पायरीखाली मी तिला एक जादा ओळ लिहायला लावली: दोन्हीकडून ५क्ष वजा. दोन्हीकडून ७ वजा. दोन्हीकडे −३ ने भाग. तिसऱ्या गणितापर्यंत तिला मजा वाटली. सहाव्याला तिने सुस्कारा सोडला. दहाव्याला तिने जादा ओळ गाळली आणि ७ सरळ पलीकडे नेऊन उणे केले. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाजू बदलली." मी विचारलं, "म्हणजे काय केलंस?" "दोन्हीकडून सात काढले, माहितेय गं मला, आता दर वेळी काय लिहायचं?" आमच्या सरांची कमान अशी परत आली. ती गप्पकन नाहीशी व्हावी अशी माझी इच्छा होती, पण तिला हवी होती, आणि तिचं बरोबर होतं.

खरी पंचाईत धड्याच्या शेवटी, संकीर्ण प्रश्नसंग्रहात. सरावसंचात वीस गणितं एकाच जातीची, त्यामुळे पहिलं वाचलं की उरलेली एकोणीस न वाचता सुटतात. संकीर्णमध्ये सगळं मिसळलेलं. वयाची गणितं, कोन, टक्केवारी, एखादी चौकटीतली आकृती. तिथे भाची अडायची ती सोडवण्यात नाही, हे कुठलं आहे ते ओळखण्यात. "हे कुठल्या संचातलं ते सांग, मग करते," असं ती म्हणायची. आम्हीही संकीर्ण टाळायचो. शाळेतही तिथवर पोचेपर्यंत परीक्षा आलेली असायची आणि 'घरी बघा' म्हणून ती पानं सुटायची. सबंध पुस्तकात खरा सराव त्या दोन पानांत होता, असं मला आता वाटतं.

तिथेच आम्हाला ती आकृती भेटली. बाणाच्या टोकासारखा अंतर्वक्र चौकोन. वर अ, खाली डावीकडे ब, उजवीकडे क, आणि ड आत दाबलेला. अ पाशी ५० अंश, ब पाशी ३०, क पाशी २०. ड पाशी खालच्या बाजूला होणारा कोन काढा. मी आकृतीकडे पाहिलं आणि हात आपोआप पुढे झाला. बड ही रेघ पुढे वाढवून मी अक ला भिडवली, तुटक तुटक, आणि छेदनबिंदूला नाव दिलं इ. त्रिकोणाचा बाह्यकोन आतल्या दूरच्या दोन कोनांच्या बेरजेइतका असतो, म्हणून इ पाशी बाह्यकोन ५० अधिक ३०, म्हणजे ८०. लहान त्रिकोणात पुन्हा बाह्यकोन, ८० अधिक २०. झाले शंभर. भाचीने आकृती फिरवून पाहिली. सिद्धता तिला लगेच पटली. पण तिने विचारलं ते निराळंच. "ही रेघ आकृतीत नव्हती. ती काढायची हे तुला कसं कळलं?"

पुन्हा माझी पंचाईत. भूमितीत तुटक रेघेची ही जादू मला लहानपणीही छळायची. सर म्हणत, "आता इथे रचना करू," आणि लगेच सगळं सुटायचं. सिद्धतेतली प्रत्येक ओळ कारणासकट लिहिलेली, उजवीकडे कंसात. फक्त त्या रेघेला कारण नसायचं. समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे कोन समान असतात हे सिद्ध करायला युक्लिडनेही बाजू खाली वाढवून रेघांचं जाळं केलंय. आणि त्यानंतर काही शतकांनी पॅपस नावाच्या गणितज्ञाने एकही रेघ न काढता ते सिद्ध केलं: त्रिकोण उलटा करून त्याची त्याच्याशीच तुलना केली, बास. आम्हाला मात्र शिरोबिंदूतून दुभाजक काढायला शिकवलं. रेघ काढायची, न काढायची, कुठे काढायची, हे कळतं कसं? "खूप आकृत्या पाहिल्या की हात तिकडे जातो," असं मी म्हटलं. ते खरंही आहे. पण बाजू बदलण्याच्या वेळी माझा हात असाच आपोआप गेला होता, तेव्हा मला त्याची लाज वाटली होती. आता त्याच आपोआपपणाचा थोडा अभिमान वाटत होता.

तिला ते उत्तर पुरेसं वाटलं नसावं. तिने माझी तुटक रेघ खोडली, जोर लावून, कागद फाटेल की काय असं वाटेपर्यंत. मग पट्टी घेऊन अ आणि ड जोडले आणि रेघ ड च्या खाली थोडी पुढे नेली. मी म्हणणार होते की यात तू फसशील, कारण ५० चे दोन तुकडे झाले आणि ते किती किती ते दिलेलं नाही. जीभ चावून गप्प राहिले. तिनेही ते पाहिलं. पेन्सिल कागदावर टेकवून थोडा वेळ तशीच बसली, तिथे एक काळा ठिपका वाढत गेला. मग तिने डाव्या तुकड्यात लिहिलं क्ष. उजव्या तुकड्यात, जरा थांबून, ५० − क्ष. डावीकडचा बाह्यकोन ३० + क्ष. उजवीकडचा २० + ५० − क्ष. दोन्ही एकाखाली एक लिहून तिने बेरीज केली आणि क्ष क्षशी कटला. खाली उरले १००.

"आला," ती म्हणाली. मग कपाळावर आठी. "पण मावशी, क्ष सापडलाच नाही."

मी बोलायला तोंड उघडलं, "ते तुला मग सां…" आणि थांबले. कंपासपेटीतून कोनमापक काढला. पुस्तकातली आकृती मापात नव्हती, म्हणून आम्ही आपली काढायला घेतली. अ पाशी ५० अंशांचा कोन. एका बाजूवर ब कुठेही, दुसरीवर क कुठेही. ब वरून ३० अंशांची रेघ आत, क वरून २० अंशांची. जिथे भेटल्या तो ड. अ आणि ड जोडून क्ष मोजला, २२ आला. ड पाशी मोजलं, १००. मग तिने ब आणखी लांब घेतला. क्ष निराळा, ड पाशी पुन्हा १००. तिसऱ्यांदा क थोडा जवळ ओढला, क्ष आणखीच बदलला. ड पाशी तिने कोनमापक ठेवला, डोळा बारीक केला, पुन्हा ठेवला.

"नव्याण्णव," ती म्हणाली. आणि मी काही बोलायच्या आत पेन्सिलीचं टोक डोळ्यांजवळ धरून तिने पाहिलं. "थांब, बोथट झालंय. टोक करून परत काढते."